लाहोरला न झालेलं भाषण आणि कल्याणची परिषद

१९३६ च्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या मंडळींपुढे मांडत होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि मंडळाच्याच हट्टापायी न झालेलं अध्यक्षीय भाषण त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केलं; ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली १५ मे ही तारीख आहे. दोनच दिवसांनी, १७ मे रोजी, कल्याणला ठाणे जिल्ह्यातल्या अस्पृश्यांची परिषद भरली आणि तिथे ते धर्मांतरावर बोलले. महिनाअखेरीस, ३१ तारखेला, मुंबईत नायगावच्या महार परिषदेत त्यांनी केलेलं भाषण पुढे ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने घरोघर गेलं. पहिलं लिखाण इंग्रजीत होतं, शिकल्यासवरल्या सुधारकांसाठी. बाकीची दोन भाषणं मराठीत झाली, ज्यांनी जात अंगावर सोसली होती त्यांच्यासाठी.

प्रश्न असा होता. एखादी रूढी का पडली, कशी टिकली, कुणाच्या सोयीने टिकली, हे समाजशास्त्र सांगू शकतं. पण ती पाळायची की मोडायची, हे कुणी सांगायचं? समाज कसा चालतो हे नीट कळलं, म्हणजे तो कसा चालावा हेही आपोआप ठरतं का? युरोप-अमेरिकेत समाजशास्त्र आणि नीतिशास्त्र यांच्या या नात्यावर विद्यापीठांतून खल झाला. महाराष्ट्रात तो वर्तमानपत्रांतून, तुरुंगाच्या कोठडीतून, तळ्याच्या काठावर आणि परिषदांच्या मांडवात झाला, आणि म्हणूनच मला तो जास्त मोलाचा वाटतो. इथे चुकीच्या उत्तराची किंमत माणसं रोज मोजत होती.

सुरुवात बरीच मागची आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा शूद्रातिशूद्रांची अवस्था दैवाची नव्हे, माणसांची करणी आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. सत्ता कुणाकडे गेली, कथा कुणी रचल्या, आणि त्या कथांनी कुणाला खाली ठेवलं, याची ती मांडणी होती. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरं केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि पुस्तक १८९१ मध्ये निघालं. त्यात विचार होता तो स्त्रीपुरुषांनी एकमेकांशी कसं वागावं याचा. व्यवस्थेची उकल करणं आणि वागणुकीचा पाया नव्याने घालणं, ही दोन कामं फुल्यांनी एकाच आयुष्यात केली. पुढे बाबासाहेबांनी त्यांना गुरू मानलं.

पुण्यात त्याच सुमाराला गोपाळ गणेश आगरकर हर्बर्ट स्पेन्सर आणि जॉन स्टुअर्ट मिल वाचत होते. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यापायी टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. बाहेर आल्यावर काही वर्षांतच दोघांच्या वाटा फुटल्या आणि १८८८ मध्ये आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला. स्पेन्सरच्या मते समाज सजीवासारखा वाढतो, बदलतो आणि त्याचे आचारनियमही परिस्थितीनुसार घडतात. आगरकरांनी यातून थेट निष्कर्ष काढला: जे नियम माणसांनी एका काळाच्या गरजेपोटी केले, ते दुसऱ्या काळात माणसांनीच बदलायला हवेत. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. त्या वादात शास्त्रवचनांचा पाऊस पडत असताना मुलीच्या शरीराचं आणि जिवाचं काय होतं, याकडे आगरकर बोट दाखवत राहिले. सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा समाजाने आपली आपण करावी, ही टिळकांची बाजू होती.

या वादाचं तत्त्वज्ञानातलं उत्तर टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलं. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘गीतारहस्य’ हे आपण भक्तीने किंवा राजकारणासाठी वाचतो. पण त्याची पहिली काही प्रकरणं म्हणजे मराठीतला नीतिशास्त्राचा पहिला भरभक्कम तौलनिक अभ्यास आहे. समाजशास्त्राला नाव देणारा ऑग्यूस्त कोंत तिथे नावानिशी भेटतो. नीतीचा विचार आधिदैविक, मग आध्यात्मिक, मग आधिभौतिक अशा पायऱ्यांनी चढत जातो आणि शेवटची पायरी सर्वांत वरची, हा कोंतचा क्रम टिळकांनी मांडला आणि उलटवला. बहुतांचं बहुत सुख मोजून नीती ठरत नाही, कर्त्याची बुद्धी सम आहे की नाही हे पाहावं लागतं, असा त्यांचा आग्रह. यात तथ्य होतं. लोक अमुक करतात एवढ्यावरून अमुक करणं योग्य ठरत नाही. पण ही साम्यबुद्धी गावकुसाच्या बाहेर का गेली नाही, सर्वांभूती एकच आत्मा पाहणाऱ्या समाजात पाण्याला शिवायची बंदी कशी नांदली, हा ‘गीतारहस्या’चा विषय नव्हता. त्याला जो विषय करणार होता, तो तरुण त्या वेळी न्यूयॉर्कला होता.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचे तासही त्यांनी अधाशासारखे घेतले. समाजशास्त्र शिकवायला फ्रँकलिन गिडिंग्ज, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई. ९ मे १९१६ रोजी, पंचविशी नुकतीच ओलांडलेली असताना, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

या निबंधात संताप कुठेच नाही. रिस्ले, सेनार, नेसफील्ड यांची मतं तपासून आंबेडकर त्यांतलं काय धरायचं, काय टाकायचं ते सांगतात. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं जातीवरचं इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये निघालं होतं. त्यांचं ज्ञानकोशाचं काम पुढचं; त्याआधी केतकर अमेरिकेतच कॉर्नेलला शिकले होते. जातीकडे सुटी न पाहता व्यवस्थेचा भाग म्हणून पाहिल्याबद्दल आंबेडकर त्यांना दाद देतात. मग स्वतःचं म्हणणं येतं. जातीचं मर्म एकच: लग्न जातीतच करायचं. पण एखाद्या गटाने असं दार लावून घेतलं की त्याला आतल्या लग्नाच्या स्त्रीपुरुषांची संख्या सतत जुळवत ठेवावी लागते. नवरा मेला तर बायको उरते, बायको मेली तर नवरा उरतो. उरलेली बाई जातीबाहेर लग्न करील किंवा जातीतल्या दुसऱ्या मुलीचा वर घेईल. तेव्हा तिला एकतर नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. उरलेला पुरुष मात्र गटाला हवा असतो. त्याच्यासाठी लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा अशा एका हिशेबाच्या तीन रकमा होतात.

त्यानंतर निबंधात एक विचार येतो, आणि या सगळ्या हकिगतीची किल्ली मला त्यातच दिसते. सतीचा, वैधव्याचा गौरव करणारं तत्त्वज्ञान आपल्याकडे उदंड आहे. पण गौरव होता म्हणून प्रथा पडल्या, असं आंबेडकर मानत नाहीत. प्रथा पडल्या, त्या बोचू लागल्या आणि म्हणून त्यांच्यावर गौरवाचा मुलामा चढवावा लागला. आधी रूढी, मग तिचं नीतिशास्त्र. संमतिवयाच्या वादात ज्यांनी श्लोक काढून दाखवले, त्यांच्या पायाखालची सतरंजीच या एका युक्तिवादाने ओढली गेली.

पण त्यात एक पेच लपलेला होता. सगळी नीती रूढीच्या मागून येत असेल, तर रूढीला अन्यायी म्हणणारी नीती कुठून आणायची? १९१६ च्या निबंधात हा पेच सोडवलेला नाही. चर्चासत्रात त्याची गरजही नव्हती. ती गरज हिंदुस्थानात परत पाय ठेवल्यावर पडली.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून ते पारशांच्या सराईत खोटं नाव सांगून उतरले. कचेरीतले शिपाई कागद लांबून टेबलावर टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव सराईत आला आणि त्यांना चालतं व्हावं लागलं. कोलंबियाची एम. ए. पदवी, लंडनचा अभ्यास, महाराजांची नोकरी, यांपैकी काही कामाला आलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी एका बागेत वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

पुढची दहा वर्षं मी भरभर ओलांडतो, कारण ती पुष्कळांना ठाऊक आहेत: १९२० मध्ये ‘मूकनायक’, पुन्हा लंडन, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी. त्या पाण्यानंतर दीडेक महिन्यात घडलेला एक प्रसंग मात्र ठाणे जिल्ह्यातला आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. मे १९२७ मध्ये बदलापुरात शिवजयंतीचा त्रिशताब्दी उत्सव झाला आणि त्याच्या अध्यक्षपदी बाबासाहेब होते. बदलापूर तेव्हा कल्याण तालुक्यातलं गाव. एका ब्राह्मण शास्त्र्यांनी त्यांचा पाहुणचार केला. महाडला तळं बाटलं म्हणून शुद्धीकरण करणारा समाज आणि बदलापुरात त्याच माणसाला अध्यक्षपदाचा मान देणारा समाज एकच होता. तोवर बाबासाहेबांनाही आशा होती की समजावून सांगितलं, हक्क बजावून दाखवला, तर हिंदू समाज आतून बदलेल. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. ती होळीदेखील घरातल्या घरात मागितलेला जाब होता.

आशा मावळायला आठ वर्षं लागली. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं रेटूनही दार उघडलं नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. गांधीजींपासून शंकराचार्यांपर्यंत सगळीकडे खळबळ उडाली.

याच खळबळीत लाहोरचं पत्र आलं. जातपात तोडक मंडळ ही पंजाबातल्या सुधारक हिंदूंची संस्था, आंतरजातीय विवाहाचा प्रसार करणारी. मंडळाचे संतराम यांनी १२ डिसेंबर १९३५ रोजी लिहिलं की वार्षिक अधिवेशनाचं अध्यक्षपद आपण घ्यावं. धार्मिक कल्पनांचा नाश केल्याखेरीज जात मोडणार नाही, या आपल्या नव्या सूत्राचा खुलासा ऐकण्याची आम्हाला उत्सुकता आहे. आंबेडकर आधी कां-कू करत होते. आग्रह झाला तेव्हा त्यांनी होकार दिला. भाषण मुंबईतच छापायला घेतलं. एप्रिलमध्ये मंडळाचे हरभगवान मुंबईला येऊन भेटून गेले आणि मसुदा पाहिल्यावर २२ एप्रिलचं त्यांचं पत्र आलं. वेदांच्या आणि शास्त्रांच्या नीतिमत्तेवर जी टीका आहे, ती गाळावी. धर्म सोडण्याचा उल्लेखही अप्रस्तुत आहे. २७ एप्रिलच्या उत्तरात आंबेडकरांनी कळवलं की एक स्वल्पविरामही बदलणार नाही.

या पत्रव्यवहारात एक गोष्ट ठळक दिसते. जातीचं समाजशास्त्र मंडळाला मान्य होतं. जातीने उद्योगधंद्याचं नुकसान केलं, संघटना मोडली, जात ही श्रमाचीच नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, या कशालाच हरकत नव्हती. सभासद स्वतः जात मोडून लग्नं लावणारे होते. निदान त्यांना हवं होतं, निवाडा नको होता. आणि आंबेडकरांचं म्हणणं असं की निवाड्यावाचून निदान फुकट आहे. लोक दुष्ट आहेत म्हणून जात पाळत नाहीत, ते धार्मिक आहेत म्हणून पाळतात. जात ही विटांची भिंत नव्हे, ती मनातली धारणा आहे, आणि त्या धारणेला शास्त्रांचं पावित्र्य चिकटलेलं आहे. मग जातीची कारणं सांगायची आणि पावित्र्याला हात लावायचा नाही, हे कसं जमावं?

न झालेल्या या भाषणात १९१६ चा पेच सुटलेला दिसतो आणि तो सोडवायला ड्यूई उपयोगी पडले आहेत. आपण ज्यांचे ऋणी आहोत असे आपले गुरू, असा आंबेडकर तिथे त्यांचा उल्लेख करतात. भाषणाच्या शेवटाकडे नियम आणि तत्त्व यांतला फरक येतो. नियम पाककृतीसारखा असतो: काय करायचं, कसं करायचं हे तंतोतंत सांगतो. न्यायासारखं तत्त्व असं काही सांगत नाही. कुठल्या बाजूने पाहायचं, काय तोलायचं, एवढंच ते दाखवतं आणि निर्णय माणसावर सोपवतं. नियम पाळणारा हिशेब चुकवतो, तत्त्वाने चालणारा जबाबदारी घेतो. ज्याला हिंदू धर्म म्हणतात तो आज विधिनिषेधांचा गठ्ठा झाला आहे, अशी त्यांची तक्रार. अशा गठ्ठ्याला ते धर्म मानायला तयार नव्हते; धर्म असायचा तर तो तत्त्वांचा असावा. रूढीमागून येणारी नीती ही नियमांची नीती होती. तिला तपासणारी नीती तत्त्वांची. समाजशास्त्र पहिलीचं मूळ शोधून तिचा धाक घालवतं, आणि मग दुसरीला बोलायला जागा होते.

त्याच भाषणातला आणखी एक मुद्दा मला आजही हलवतो. जातीने हिंदूंच्या नीतीचं काय केलं? सहानुभूती आहे, पण जातीपुरती. दानधर्म आहे, पण जातीतल्याला. गुणाची कदर आहे, पण गुणी माणूस जातीचा असेल तर. सार्वजनिक म्हणून काही उरलंच नाही. ही टीका करायला समाजशास्त्रज्ञाचा डोळा लागतो, कारण सद्गुण व्यक्तीच्या मनात असतात असं मानणाऱ्याला ते जातीच्या कुंपणाशी थांबतात हे दिसत नाही. आणि नीतिज्ञाचा कानही लागतो, कारण कुंपण दिसूनही पुष्कळांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हे भाषण जिथे छापलं गेलं त्याच मुंबईत विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ पासून चालू होता. पॅट्रिक गेडिस यांनी तो सुरू केला आणि पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. घुर्यांचं जातीवरचं इंग्रजी पुस्तक १९३२ चं. जातिव्यवस्थेची सहा लक्षणं त्यांनी तिथे मांडली आणि ती आजही विद्यार्थी पाठ करतात. ते काम भक्कम आहे. पण ज्याच्यावर ती लक्षणं लादली गेली, त्याने काय करावं, हे विचारायला माणसं विद्यापीठात गेली नाहीत. ती कल्याणला गेली.

कल्याणला रेल्वे १८५४ मध्येच पोचली होती. आजूबाजूच्या तालुक्यांतली महार कुटुंबं एकीकडे गावच्या वतनाला, म्हणजे गावकीच्या फुकट राबणुकीला बांधलेली आणि दुसरीकडे रेल्वे, गिरण्या, गोदी यांच्या मजुरीकडे सरकलेली. १७ मे १९३६ च्या परिषदेत त्यांच्यापुढे बाबासाहेब उभे राहिले तेव्हा येवल्याच्या घोषणेला सात महिने झाले होते आणि लोकांच्या मनात शंका होत्या. देव बदलायचा, सणवार बदलायचे, पूर्वजांचं काय? आपण आजवर जे सोसलं, ते गेल्या जन्माच्या पापाने नाही का?

इथे त्यांनी कोलंबियाचा निबंध उघडला नाही. ज्या प्रसंगांनी धर्मांतराच्या निर्णयापर्यंत आणलं ते स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग त्यांनी सांगितले. अशाच आठवणी त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी टिपणातही लिहून ठेवल्या, त्या त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. त्यांतली पहिली आठवण नऊ-दहा वर्षांच्या मुलाची आहे. वडील गोरेगावला खजिनदार, मुलं साताऱ्याला. सुट्टीत वडिलांकडे जायचं म्हणून नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं आणि नवे बूट घालून भाऊ आणि भाचे मिळून मुलं आगगाडीने मसूरला उतरली. पत्र पोचलं नव्हतं, घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. कपडे पाहून स्टेशनमास्तर मायेने चौकशी करू लागला. आम्ही महार, असं भीमाच्या तोंडून निघून गेलं आणि त्याचा चेहरा क्षणात पालटला. एकही गाडीवान बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर तोड निघाली: गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं. शिदोरी बरोबर होती, पण वाटेत कुणी पाणी दिलं नाही, म्हणून घास गिळता आला नाही. जकात नाक्यावर गाडीवानाच्या सांगण्यावरून मुलांनी आपण मुसलमान असल्याचं सांगून पाहिलं; तरी पाणी मिळालं नाही. रात्र उपाशी काढून दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या सुमाराला ती गोरेगावला पोचली.

अशा आठवणींचं परिषदेत काय काम, असं कुणी विचारील. माझं उत्तर असं की हा युक्तिवादच होता, आणि तो कल्याणच्या श्रोत्यांना बरोबर कळला. गेल्या जन्मीचं पाप नऊ वर्षांच्या मुलाच्या घशाशी आणून ठेवलं की ते पाप वाटत नाही, अन्याय वाटतो. स्टेशनमास्तर क्रूर नव्हता. जात कळेपर्यंत तो प्रेमळच होता. गाडीवान लुटारू नव्हता. दोघेही आपापल्या धर्माला जागले. म्हणजे खोट माणसांत कमी आणि त्यांना घडवणाऱ्या नियमात जास्त होती, हे समाजशास्त्र त्या एका प्रवासात पुरं भरलं होतं. आणि ऐकणाऱ्याच्या मनात उठणारी चीड हा त्या नियमाचा निवाडा होता. नियम, तत्त्व असे शब्द न वापरता.

पंधरा दिवसांनी नायगावला हीच गोष्ट रीतसर मांडणीत आली. धर्मांतराचा विचार सामाजिक आणि तात्त्विक अशा दोन्ही अंगांनी केला पाहिजे, अशी त्या भाषणाची उभारणी आहे. सामाजिक अंगाने पाहिलं तर स्पृश्य-अस्पृश्यांचा कलह दोन माणसांचं भांडण नसून दोन वर्गांचा झगडा आहे. त्यात टिकायला मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ लागतं, आणि ते दुसऱ्या समाजाशी जोडून घेतल्याशिवाय मिळणार नाही. तात्त्विक अंगाने पाहिलं तर व्यक्तीच्या वाढीसाठी सहानुभूती, समता आणि स्वातंत्र्य लागतं, आणि या तीनही गोष्टी ज्या धर्मात नाहीत तो आपल्यासाठी नाही. धर्म माणसासाठी आहे, माणूस धर्मासाठी नाही, हे सूत्र त्यांनी तिथे दिलं.

लाहोरचं भाषण पुस्तकरूपाने निघालं आणि दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. जुलै १९३६ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याचा परामर्श घेतला. पुस्तक प्रत्येक सुधारकाने वाचावं असं सांगून त्यांनी आक्षेप नोंदवले: जातीचा धर्माशी संबंध नाही, आणि कुठलाही धर्म त्याच्या उत्तम अनुयायांवरून पारखावा, वाईटांवरून नव्हे. संतांची नावं त्यांनी साक्षीला काढली. आंबेडकरांनी पुढच्या आवृत्तीत उत्तर जोडलं, आणि समाजशास्त्र व नीतिशास्त्र यांची गाठ मराठी माणसाच्या लेखणीने इतकी घट्ट दुसरीकडे कुठे बांधलेली मला माहीत नाही. उत्तम माणसं मोजकी आणि बाकीची अशी का, याचं उत्तर त्यांच्या स्वभावात शोधू नका, असं ते म्हणाले. माणसाचं माणसाशी नातंच मुळात चुकीच्या पायावर असेल, तर त्या नात्यात राहून कुणी चांगला होऊ शकत नाही. गुलामाचा मालक कमी वाईट असेल, जास्त वाईट असेल. चांगला मालक असू शकत नाही. संतांची भूमिकाही त्यांनी याच मापाने मोजली: देवापुढे सगळे समान असं संतांनी सांगितलं, पण माणसं माणसांपुढे समान आहेत हे सांगणं वेगळं आणि जास्त अवघड होतं.

त्यानंतर वीस वर्षं गेली. राज्यघटना झाली; ती घडत असतानाच संविधान सभेत संवैधानिक नीतिमत्तेचा प्रश्न बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी उपस्थित केला. ती उपजत नसते, जोपासावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. जून १९५२ मध्ये कोलंबियाची मानद पदवी घ्यायला ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हा ड्यूई नुकतेच, १ जूनला, वारले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये आलं, आणि त्यात चाळीस वर्षांपूर्वीच्या निबंधाचं सूत्र शेवटास गेलं आहे. नीती म्हणजेच धम्म, असं ते तिथे मानतात. पण नुसती नीती पुरत नाही, हेही लगेच सांगतात. चोरांच्या टोळीलाही आपली नीती असते, व्यापाऱ्यांनाही असते, जातीलाही असते. प्रत्येक गट आपल्यापुरता सचोटीने वागतो. म्हणून नीती पवित्र हवी आणि सगळ्यांना सारखी लागू हवी. गटागटांच्या नीतीचं हे वर्णन समाजशास्त्रज्ञाचं आहे. ती सगळ्यांची झाली पाहिजे, ही मागणी नीतिज्ञाची आहे. १९१६ मध्ये पहिलं होतं, दुसरं नव्हतं.

परिणाम तपासायचे तर आकडेही आहेत. १९५१ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध काही हजारच होते. १९६१ च्या जनगणनेत ते सत्तावीस लाखांच्या वर गेले. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या वस्त्यांमधून बुद्धविहार उभे राहिले आणि विहारांच्या आवारात बालवाड्या, अभ्यासिका चालू झाल्या. गावकीची कामं नाकारली गेली. गेल्या जन्मीच्या पापाचं ओझं एका अख्ख्या समाजाने खाली ठेवलं, आणि हे कुठल्या कायद्याने नव्हे, धम्मदीक्षेत स्वतः घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांनी घडलं. धर्मांतराने जात गेली नाही, हा आक्षेप खरा आहे. शेजाऱ्याच्या मनातली जात एकट्याने धर्म बदलून जात नाही. पण ‘आपण हीन आहोत’ ही आतली कबुली गेली, आणि माझ्या मते तेच सर्वांत कठीण होतं.

जात मोडण्याच्या कामाचा दुसरा अर्धा भाग मात्र जिथल्या तिथे आहे. सहभोजनाने काही साधणार नाही, जातीबाहेर लग्न हाच खरा उपाय, असं लाहोरच्या भाषणात म्हटलं होतं. २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत जातीबाहेर लग्न केलेल्यांचं प्रमाण जेमतेम पाच टक्के निघालं. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत दर हंगामात ज्ञातिसंस्थांचे वधू-वर मेळावे भरतात. शिकलेली, नोकरीवाली, परदेशात राहून आलेली मुलंमुली तिथे नावं नोंदवतात, आणि नोंदणीच्या अर्जात जातीच्या खाली पोटजातीचा रकाना असतो. ९ मे १९१६ च्या निबंधातल्या सिद्धांताला आजही याहून जवळचा पुरावा शोधावा लागत नाही. त्या अर्जावरची मंडळी वाईट नाहीत. मसूरचा स्टेशनमास्तरही वाईट नव्हता.